दही सर्वांत शेवटी

उद्यापासून दूध नको, एवढंच सांगायला ती डेअरीत शिरली होती. दोन मिनिटांचं काम. पण काउंटरमागच्या उंच मुलाने मान वर करून विचारलं, "आमच्या दुधाचं काही चुकलं का?" आणि तिची पंचाईत झाली. दुधाचं काहीच चुकलं नव्हतं.

मांस-मासे तिने जन्मात खाल्ले नव्हते. त्याचा थोडा तोराही होता म्हणा. मग गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या गावी एक गाय दिवसभर हंबरताना तिने ऐकली; वासरू पलीकडच्या गोठ्यात बांधलेलं. तेव्हापासून दुधाचा चहा घशाखाली उतरेना. हे डेअरीवाल्याला कसं सांगायचं? तरी तिने सांगितलं... चाचरत, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत.

तो हसला नाही. वादही घातला नाही. ओले हात पुसत म्हणाला, "एकदम सगळं सोडू नका, आठ दिवसांत कंटाळाल. एकेक सोडा." आणि कागदी पिशवीचा तुकडा फाडून त्यावर त्याने क्रमच लिहून दिला. आधी दूध, मग लोणी, मग चीज. दही सर्वांत शेवटी.

कागद फ्रिजवर चिकटला आणि तो मुलगा मनात.

ती डेअरीसमोरच्याच चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. तो तिला 'डॉक्टर' म्हणायला लागला. मी डॉक्टर नाही हे तिने तीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. दूध सुटलं त्या आठवड्यात तो रोज डोकं दुखतंय का म्हणून विचारायचा, आणि काळा चहा कसा करायचा, पत्ती किती वेळ ठेवायची, हे इतकं बारकाईने सांगायचा की तिला नवल वाटायचं. मग लोणी सुटलं. चीजने मात्र तिला रडवलं. गल्ल्यावर बसणारे त्याचे वडील म्हणाले, एक तुकडा खा गं, कोण बघतंय. तर मुलानेच त्यांना गप्प केलं.

एकेक पदार्थ सुटत होता तशी ती हलकी होत होती. पण त्याबरोबर डेअरीत जायचं एकेक निमित्तही सुटत होतं.

शेवटी दही उरलं. दर तिसऱ्या दिवशी, काचेच्या बरणीत. रिकामी बरणी द्यायची, भरलेली घ्यायची. त्या देवघेवीत बोटाला बोट लागायचं... मुद्दाम की चुकून, कोण जाणे.

खरं तर महिन्याभरातच तिने दही खाणं सोडलं होतं. आणणं सोडलं नव्हतं. बरणी थेट खाली घरमालकीण मावशींच्या स्वयंपाकघरात जायची. ज्या गायीसाठी हा सगळा घाट घातला, तिचंच दूध ती विरजलेलं विकत आणत होती, का, तर एका माणसाने "काय डॉक्टर" म्हणावं म्हणून. तिला स्वतःची लाज वाटायची. उद्या सांगून टाकू, असं ती रोज ठरवायची. पण सांगितलं की संपलं. दूध नको, लोणी नको, दही नको म्हणणाऱ्या मुलीचं डेअरीत काय काम?

बिंग फोडलं ते मावशींनी. एका सकाळी रिकामी बरणी घेऊन त्या स्वतःच डेअरीत गेल्या. आता पुरे करा म्हणाल्या, खाऊन खाऊन सर्दी झाली मला, ती पोरगी तर दोन महिन्यांत चमचाभर शिवली नाही. शिवाय घरी परतून त्यांनी हा पराक्रम तिला फोनवर कळवलाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारी तो चष्म्याच्या दुकानात हजर. डोळे तपासायचेत म्हणाला.

तपासणीची खोली लहानशी, अंधारी. भिंतीवर तेवढा अक्षरांचा तक्ता उजळलेला. त्याच्या नाकावर तिने तपासणीची फ्रेम चढवली. शेवटची ओळ वाचा म्हणाली. त्याने ती घडाघडा वाचली.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

"माहीत आहे. पण यायला काहीतरी निमित्त लागतं ना... तुम्हाला दही लागतं तसं."

ती खाली बसली. जे तोंडाशी येऊन परतत होतं ते आता आवरेना. "मी खोटं वागले. तुमच्याशी आणि त्या गायीशीसुद्धा. मला दही नको होतं हो. मला तुम्हाला बघायचं असायचं... एवढंच."

ती मोठाली फ्रेम लावून तो जरा विनोदीच दिसत होता, पण बोलला मात्र गंभीरपणे. दुकान वडिलांनी उभं केलंय, ते मी बंद करणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. तिनेही सांगितलं, की ती तसं मागणार नाही, पण त्याच्यासाठी मागेही फिरणार नाही.

"फिरू नका," तो म्हणाला. "मीही तुमचं दूध सुटलं त्या आठवड्यापासून काळाच चहा पितोय. तुम्हाला किती जड जातंय ते कळावं म्हणून. तीन दिवस डोकं नुसतं ठणकत होतं."

रडता रडता तिला हसू फुटलं. मग फ्रिजवरचा कागद आठवला.

"एक विचारू? दही सर्वांत शेवटी का लिहिलंत? सोडायला तेच सोपं होतं."

त्याने फ्रेम काढली. काड्या मिटून टेबलावर ठेवली.

"लोणी महिनाभर टिकतं," तो म्हणाला. "चीज त्याहून जास्त. दही... तीन दिवसांत आंबतं. तुम्हाला परत यावंच लागणार होतं."

संध्याकाळी ती रिकाम्या हातांनी डेअरीत गेली. बरणी नाही, पिशवी नाही. काय देऊ, वडिलांनी विचारलं. काही नको, ती म्हणाली. त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, काउंटरची फळी उचलून तिला आत वाट करून दिली, आणि मागे वळून मुलाला हाक मारली.

"दोन कप चहा ठेव रे. काळा."