अर्ध्या अंगठ्याचा ठसा

पटलं तर घ्या. मामाला थापाच मारायच्या असत्या, तर गोष्टीत त्यानं स्वतःला शूर तरी दाखवलं असतं.

हे घडलं हिवाळ्यातल्या एका सकाळी, मालकाच्या गॅरेजमध्ये. चांगलं ऊन पडलं होतं.

मामा भाड्याच्या गाड्या चालवायचा. हे काम त्याला अण्णा ड्रायव्हरनं शिकवलं. अण्णाचा ऑइलच्या डब्यावरच्या नावावर भरवसा नसे. ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटात धरून चोळायचा, हुंगायचा, मग अंगठा बॉनेटला आतून पुसायचा. रोज, त्याच जागी.

तो अंगठाही अर्धाच. वरचं पेर पूर्वी इंजिनाच्या पट्ट्यात गेलेलं.

एकदा मालकानं सगळ्या गाड्यांसाठी स्वस्तातलं ऑइल आणलं.

अण्णानं थेंब चोळला. "कचकच लागतेय. जळकं ऑइल गाळून परत डब्यात भरलंय. घाटात इंजिन धरेल."

"नाक तुझं, इंजिन माझं," मालक हसला. "जमत नसेल तर चावी ठेव."

अण्णानं चावी ठेवली नाही. घरी खाणारी तोंडं होती.

घाटाच्या उतारावर अण्णाच्या गाडीचं इंजिन जाम झालं. ब्रेक दगडासारखा कडक झाला.

अण्णा गेला.

"डुलकी लागली असेल," मालक सगळ्यांना सांगत सुटला.

गाडी दुरुस्त झाली. इंजिन उघडून बसवलं, बॉनेट नवं कोरं घातलं. ती मामाला मिळाली. ऑइल तेच.

त्या सकाळी मामानं शटरला हात घातला आणि आतून आवाज आला...

सर्र...

ऑइल किती आहे ते बघायची पट्टी नळीतून ओढल्याचा.

मग शांतता. फडक्यानं पट्टी पुसायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.

पुन्हा... सर्र.

मामानं शटर उचललं. आत कुणी नव्हतं. बॉनेट बंद होतं.

त्यानं ते उघडलं...

आतल्या नव्या रंगावर ठसा. ओला. अर्ध्या अंगठ्याचा.

मामानं ठशाच्या कडेचं तेल बोटावर घेऊन चोळून पाहिलं.

कचकच.

मालक आला. "नाटकं करतोस होय?" त्यानं मामाचा अंगठा धरून तेलात बुडवला आणि ठशाशेजारी दाबला. अख्खा उमटला.

मालकानं दोन्ही ठसे पाहिले आणि बॉनेट आपटून बंद केलं.

"रंग मारून घे."

"आणि ऑइल?"

"रंग मारून घे म्हटलं ना."

मामानं चावी ठेवली. तो एकटा जीव, त्याला परवडलं.

परवा त्या गाडीचा नवा ड्रायव्हर स्टँडवर मामाशेजारी येऊन बसला.

"मामा, तुमच्या वेळीही बॉनेटला आतून डाग पडायचा का हो? कितीही पुसा, सकाळी ओलाच."

मामानं त्याला सगळं सांगितलं. ऑइल, घाट, अण्णा.

तो खाली मान घालून ऐकत होता. मग उठला.

"पोरगी शाळेत आहे, मामा. चावी ठेवून कसं भागेल?"

गाडी घाटाकडे गेली.

संध्याकाळी परत आली. कालही आली.

आज अजून यायची आहे...