डाव्या दातांची फणी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे सव्वानऊ. रामपायलीच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात, समाजमंदिरासमोरच्या पटांगणात आम्ही तिघं खुर्च्या लावत होतो. मी, कुशल आणि अपेक्षा. दुसऱ्या दिवशी गावाला सिनेमा दाखवायचा होता. मोठ्या स्टुडिओंच्या काळातला, काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा. गाणी, नाच आणि प्रेम. पुण्यात शिकताना मी तो पाहिला होता आणि तेव्हाच ठरवलं होतं की हा माझ्या गावानं पाहायलाच हवा. अंधारात बसलेली सगळी माणसं सारखीच असतात, असं मी त्या आठवड्यात निदान दहा जणांना ऐकवलं होतं.

पुनारामकाका पडद्याची गोणी खांद्यावर घेऊन आले. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी गोणी ठेवली आणि खुर्च्यांकडे पाहिलं.

"ह्या कोणाले?"

"पाहुण्यांना. बालाघाटहून साहेब येणार आहेत, शाळेतले सर आहेत."

"आन् आपल्या मोहल्ल्यातले लोकं?"

"त्यांच्यासाठी पडद्याच्या मागे सतरंजी टाकली आहे, काका. समोर जागाच उरत नाही. कापड पातळ आहे. मागूनही दिसतंच की."

"आम्रपालीची मराठी पुन्याहून पार्सल आली, काका," कुशल माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "समजली ना?"

काका हसले नाहीत. एक बादली पालथी करून तिच्यावर बसले.

"मागूनही दिसतंच," ते म्हणाले. "प्रेमलालचा साहेब हेच म्हणे."

"कोण प्रेमलाल?"

"ज्यानं हा पडदा आणला तो. माह्या ओळखीचा. त्याच्यासंग जे झालं ते सांगतो. खोटं वाटलं तं त्याले जाऊन विचारा. अजून जिता आहे."

त्यांनी सांगितलं ते असं.

एक नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी साडेसातला प्रेमलाल मोटरसायकलवर खदानीकडे, म्हणजे मॅंगनीजच्या खाणीकडे, निघाला. काम साधं होतं. खदानीचा जुना क्लब पाडणार होते आणि तिथला पडदा कुणालाच नको होता. तो आम्हाला हवा होता. मीच काकांना पडदा मागितला होता आणि काकांनी प्रेमलालला सांगितलं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी प्रेमलाल त्याच क्लबात सिनेमाचं मशीन चालवायचा. दर शनिवारी इंग्रजी सिनेमा. अंगणात पांढरा पडदा, समोर वेताच्या खुर्च्यांवर साहेब लोक, मागे जमिनीवर मजूर. "पीछे से भी तो दिखता है," असं मोठे साहेब म्हणायचे. दिसायचंच. फक्त उलटं दिसायचं.

मागे बसणाऱ्यांत एक होती तुळसाबाई. एकोणीस वर्षांची, दिवसभर मॅंगनीजचे दगड फोडणारी. त्या पावसाळ्यात रेल्वेचा पूल खचला. सिनेमाचे डबे परत जाईनात, नवे येईनात. एकच सिनेमा लागोपाठ तीन शनिवार चालला. त्यात एक बाई जिन्यावरून नाचत उतरायची. तीन पायऱ्या, मग थांबायची, मग हात पुढे करायची आणि नायक तो हात धरायचा. तुळसाबाईनं तो नाच पाठ केला. जेवणाच्या सुट्टीत डोक्यावर टोपलं घेऊन ती तो करून दाखवायची. आणि सिनेमाच्या शेवटी येणारी 'दि एंड'ची पाटी ती काळ्या भुकटीनं भिंतीवर काढायची. तिला वाचता येत नव्हतं. इंग्रजी E-ला ती फणी म्हणायची. फणीचे दात डावीकडे, पडद्यामागून दिसायचे तसे.

प्रेमलाल एकदा तिला म्हणाला, "अवो, फणी उलटी काढली तुनं."

"तुमच्याकून उलटी दिसत असंल," ती म्हणाली. "मले तं अशीच दिसते."

"मंग या शनिवारी समोर ये. माह्या मशीनजवळ बस. एकदा सुलटं पाहून घे."

"प्रेम होतं का त्यांचं?" अपेक्षानं मध्येच विचारलं.

"नसतं तं एवढं कायले झालं असतं?" काका म्हणाले.

ती आली. धुतलेलं पांढरं लुगडं, केसांना तेल. स्टुलावर बसली. सिनेमा सुरू व्हायच्या आधी मोठ्या साहेबांनी मान वळवली.

"ये कौन है?"

प्रेमलालनं तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "पता नहीं, साब."

ती उठली. त्या रात्री ती मागेही बसली नाही. प्रेमलालनं ठरवलं, पुढच्या शनिवारी तिची माफी मागायची. सोमवारी दुपारी खदानीची कड ढासळली. चार बाया दबून मेल्या. त्यात ती होती.

काका थांबले. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. 

"तं या एक तारखेले," ते म्हणाले, "आठ चाळीसले प्रेमलाल क्लबात शिरला."

लाइट नव्हती. पडदा हॉलमध्ये दोरीवर टांगलेलाच होता. हॉलमध्ये एकच खुर्ची उरली होती. तिच्यावर त्यानं मोबाइल ठेवला, टॉर्चचा उजेड पडद्याकडे करून. दोरीच्या गाठी मागच्या बाजूला होत्या. म्हणून तो मागे गेला.

पहिली गाठ सुटली.

पडद्यावर सावली पडली.

बाईची.

ती समोर होती. प्रेमलाल मागे.

पाऊल वाजलं. एक… दोन… तीन.

थांबलं.

सावलीनं हात पुढे केला.

त्याला तो नाच पाठ होता. आता नायकानं हात धरायचा. कुणी धरला नाही.

मग खुर्चीकडून आवाज आला. पुरुषाचा. खुर्चीवर तर फक्त मोबाइल होता…

"ये कौन है?"

  मला राहवलं नाही.

"प्रेमलाल म्हणाले का?"

"काय?"

"ओळखतो म्हणून."

काकांनी मान हलवली. "पन्नास वर्षं तेच एक वाक्य घोकून राह्यलता. मेरी पहचान की है, साब. बस, एवढंच. तोंड उघडलं म्हणे. पण…"

"पण?"

"नाई निघालं."

हात तसाच होता.

बराच वेळ.

मग खाली गेला. टॉर्च विझला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा घेऊन आला माह्या दारात. आत नाही आला. उभ्या उभ्या सगळं सांगतलं."

"तुमच्याच दारात काहून?" कुशलनं विचारलं.

"तुळसाबाई माही मोठी बहीण," काका म्हणाले. "माफी मागत होता. म्या म्हणलं, मले काहून मागतं? मी तं तिच्यासंगच बसत होतो. मागं."

माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. उद्या त्या सतरंजीवर कोण बसणार होतं, ते आता मला नावानिशी दिसत होतं. माझी आजी. माझी मामी. काका.

कुशल उठला आणि खुर्च्या एकात एक घालू लागला. मी पडद्यामागच्या जागेवरून सतरंजी उचलली आणि समोर आणून अंथरली.  मग आम्ही पडदा गोणीतून काढून दोन बांबूंच्या मध्ये बांधला आणि अपेक्षानं बल्ब लावला.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं होती. वीतभर उंच, काळी, बोटानं काढलेली. 'दि एंड'. फण्यांचे दात डावीकडे.

"त्या सकाळपासून आहे," काका म्हणाले. "त्यानं धुतलं, म्या धुतलं. गेलं नाई."

 मग शिकलेलं सगळं मदतीला धावून आलं. सोपं होतं. आम्ही पडदा उलटा बांधला होता. अक्षरं दुसऱ्या बाजूनं काढलेली होती आणि पातळ कापडातून आरपार दिसत होती, एवढंच.

"मागच्या बाजूनं सरळ असणार," मी म्हणाले. मला हायसं वाटलं होतं. मी बांबूला वळसा घालून मागे गेले.

फण्यांचे दात डावीकडे होते.

मी तिथेच उभी राहिले. कापडापलीकडे कुशलची सावली होती, अपेक्षाची होती, बादलीवर बसलेल्या काकांची होती. 

मी पुन्हा समोर आले.

डावीकडेच.