घोट्यातलं हाड

सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात शिरूरच्या मिशन दवाखान्यापुढं एक बैलगाडी थांबली. गाडीतल्या कडब्यावर आडवा पडलेला तरणा गडी राहेलला पाहताच म्हणाला, "बाई, कालवड जगंल ना?"

राहेल बघतच राहिली. उजवा पाय सुजून घागरीएवढा झालेला, घोटा आत वळलेला... आणि हा कालवडीची चौकशी करतोय!

"इथं माणसांना बघतात," ती म्हणाली.

"मंग मला बघा..." तो हसला, आणि कळ येऊन त्यानं डोळे मिटले.

हा निमोण्याचा हौसराव. अर्धवट खणलेल्या विहिरीत कालवड पडली, म्हणून त्यानं काठावरून सरळ उडी टाकली होती. कालवड वाचली. घोटा मोडला.

डॉक्टरांनी हाड बसवून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. राहेल मिशन शाळेच्या शमुवेल मास्तरांची मुलगी, एकोणीस वर्षांची, दवाखान्यात मदतीला होती. जूनमध्ये तिला सोलापूरला नर्सिंग शिकायला जायचं होतं. दुपारी वॉर्ड निवांत झाला की ती शरीररचनेचं जुनं पुस्तक घेऊन खिडकीशी बसायची.

"मघापासनं काय पुटपुटताय?"

"पायाची हाडं पाठ करतेय. एका पायात सव्वीस असतात."

"सव्वीस! मंग ह्यो घ्या की. रिकामाच हाय." त्यानं डावा पाय चादरीबाहेर काढला.

तिनं निळी पेन्सिल घेतली. तळव्याला हात लागताच त्याची बोटं आखडली.

"गुदगुल्या होतात?"

"न्हाई... हात गार हाय तुमचा."

राहेलचे कान तापले. मान खाली घालून ती भराभरा खुणा करू लागली. "हे टाचेचं. हे पुढचं, होडीच्या आकाराचं..."

"होडी? निमोण्यात प्यायला पाणी न्हाई, आन् माझ्या पायात होडी!"

ती खळखळून हसली. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "आन् मोडलंय ते कंचं?"

"ते घोट्याच्या आत असतं, टाचेवर बसलेलं. सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर येतो. पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. रक्तही बेताचंच पोचतं."

"म्हंजी त्याला कुणीच न्हाई," तो म्हणाला आणि तिच्याकडं बघत राहिला. पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली.

घरी जाताना कुबड्या काखेत घेऊन तो दारात घुटमळला. "मास्तरांना भेटाया यीन एक दिस."

"बाबांकडं काय काम?"

"तुमास्नी ठावं हाय."

ठाऊक होतंच तिला.

चैत्रात प्लास्टर निघालं. पुण्याहून काढून आणलेला पायाचा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरला आणि मान हलवली. हाडाला रक्त मिळत नव्हतं. आणखी सहा महिने पाय जमिनीला टेकायचा नाही, नाहीतर हाड पिचून जाईल. राहेलनं त्याला तीनदा बजावलं, "कुबडीशिवाय एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मला शब्द द्या."

त्यानं शब्द दिला. आणि वैशाखातल्या एका भर दुपारी तो मास्तरांच्या दारात उभा राहिला... गुडघ्यापर्यंत धूळ, अंगात धुतलेला सदरा, कुबड्या नाहीत.

ख्रिस्ती घरात सोयरीक करायची, असं घरी त्यानं आईला सांगितलं होतं. सारजाबाई ओरडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या घरी जायाला माझी बैलं जुपायची न्हाईत." तेव्हा तो पहाटेच चालत निघाला होता. निमोण्याहून शिरूरपर्यंत.

"आणि कुबड्या?" राहेलनं विचारलं.

"कुबड्या घिऊन का मागणी घालाया येत्यात?"

शमुवेल मास्तरांनी घंगाळात पाणी आणलं, त्याला बाजेवर बसवलं आणि खाली बसून त्याचे पाय धुवायला घेतले.

"मास्तर! ह्ये काय करताय?"

"पाहुण्याचे पाय आहेत, बाबा."

राहेलनं पुढं होऊन घोटा चाचपला. बोटांखाली काहीतरी करकरलं. तिला कळलं. हाड पिचलं होतं.

"कशाला आलात चालत?" ती रडायलाच लागली. "मी थांबले असते! सहा महिने काय, सहा वर्षं थांबले असते!"

तो एवढ्या वेदनेतही उजळला. "म्हंजी व्हय म्हणायचं का?"

"हो... हो म्हणा!"

मास्तरांनी पंच्यानं पाय टिपले. "माझी ना नाही. पण बाबा, तुझी आई काय म्हणते?"

हौसरावची मान खाली गेली. बाप लहानपणीच गेला होता. घरात दोघंच, आई आणि तो. "म्हणली, ती उंबऱ्यात आली तर मी माहेरी, राहू गावाला जाईन. मरस्तवर तुझं तोंड बघणार न्हाई."

मग राहेलनं डोळे पुसले. "आईला सोडा असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "आणि तिला सोडून आलात, तर तुमच्याशी नीट बोलताही येणार नाही मला."

पुण्यात ऑपरेशन करून त्याचा सांधा कायमचा जखडून टाकला. दुखणं थांबणार होतं, पण तो घोटा आता कधीच वळणार नव्हता.

जूनमध्ये दौंड स्टेशनावर तो आला. पुन्हा प्लास्टर, पुन्हा कुबड्या. राहेलची ट्रंक डब्यात चढली होती.

"सोलापुरात लई ऊन असतं म्हणत्यात."

"हो."

"सुगी झाल्यावर आई सोयरीक बघणार हाय."

"मुलगी चांगली असेल," राहेल म्हणाली.

"असंल."

गाडी हलली. तो कुबड्या टाकत दोन-तीन ढांगा बरोबर आला, तशी ती खिडकीतून ओरडली, "थांबा! तिथंच थांबा!"

तो थांबला. तो तसाच उभा, आणि फलाट मागं मागं जात राहिला.

समोरच्या बाकावर जांभळांची पाटी मांडीवर घेतलेली एक बाई होती. तिनं विचारलं, "भाऊ व्हय गं?"

राहेलनं मान हलवली. पुढचे शब्द आजवर तिनं कुणापुढंच उच्चारले नव्हते.

"नाही... माझं माणूस आहे ते."

बाईनं पाटी खाली ठेवली आणि तिचा दंड धरून तिला खिडकीकडं वळवलं.

"मंग माझ्याकडं काय बघतीस? दिसतंय तवर त्याच्याकडं बघ."