तारेवरचे ठोके

अशी कल्पना करा, की तुम्ही डोंगरमाथ्यावर उभे आहात. मागे नासपतीची बाग, पुढे धुकं आणि त्या धुक्यात शिरणारी एक जाड तार. तारेला लाकडी पाळणा टांगलेला. त्यात फळांच्या पेट्या भरायच्या आणि ब्रेक सोडायचा, की पाळणा सुसाट खालच्या रस्त्यापाशी. पण त्याआधी तारेवर दगडाने दोन ठोके द्यायचे. खालच्या माणसाने उलट दोन ठोके दिले, म्हणजे वाट मोकळी. पणजोबांच्या वेळेपासूनची ही रीत.

सुट्टीला आलेली भिंगरी आणि तिचा मामेभाऊ ढब्बू यांनी सकाळचा पहिला पाळणा भरला. मामाने ठोके दिले. लगेच उत्तर आलं, ठण ठण. मामाचा हात ब्रेकच्या दांड्याकडे गेला.

“मामा, थांब,” भिंगरी म्हणाली. “उत्तर फार लवकर आलं.”

“खालचा टेम्पोवाला घाईत असेल.”

“तो आणि घाईत?” ढब्बू हसला. “काल दगड शोधेपर्यंत त्याचा चहा गार झाला.”

भिंगरी हसली नाही. ढब्बूची धाकटी बहीण टिकली टेम्पोवाल्याबरोबर खालीच होती. भिंगरीने दांड्याखाली लाकडाची पाचर सारली.

“अगं, बाजारात माल पोचायचाय!”

“एकदाच, मामा.” तिने तारेवर पाच ठोके दिले. “खाली कुणी असेल, तर पाच ऐकून गोंधळेल तरी.”

ठण ठण.

“आता मी काहीच वाजवत नाही.”

तिघांनी कान टवकारले. वाऱ्याची झुळूक आली.

ठण ठण.

मामाचा हात दांड्यावरून सुटला. तिघे पायवाटेने धावत सुटले. अर्ध्या उतारावर तारेच्या खांबाला पत्र्याचा डबा लटकत होता आणि वाऱ्याच्या दर झुळकीला दोनदा खांबावर आपटत होता, ठण ठण. पोपट पळवायला तो मामानेच पहाटे बांधला होता.

खाली टेम्पोवाला गाडीत घोरत होता. आणि पाळणा जिथे येऊन आदळतो, त्या पेंढ्यावर टिकली झोपली होती. अर्धी खाल्लेली नासपती मुठीत.

मामाने टेम्पोवाल्याला हलवून उठवलं.

“मी जरा डोळे मिटले होते,” टेम्पोवाला पुटपुटला.

“हो काका, वरपर्यंत ऐकू येत होते तुमचे डोळे,” ढब्बू म्हणाला.

“डबा मी बांधला,” मामा हळूच म्हणाला, “आणि कान मात्र तू वापरलेस, पोरी. आज खालचं उत्तर तूच द्यायचंस.”

मामा आणि ढब्बू वाटेतला डबा खांबावरून सोडवून वर गेले. भिंगरीने टिकलीला उचलून लांब झाडाखाली निजवलं आणि तारेला कान लावला. वरून दोन ठोके आले. तिने पेंढ्याकडे आणखी एकदा नीट पाहिलं, आणि मगच दगड उचलला.