धोंडाबाईची जागा

हर्षाली मालेगावच्या त्या यंत्रमाग कारखान्यात शिरली तेव्हा तिथले निम्मे माग भंगारात गेले होते. उरलेल्या मागांसाठी चार-पाच बाया ओळीने बसून कांड्या भरत होत्या, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत होत्या. थोड्याच दिवसांत त्यांनाही नारळ मिळणार होता. नाशिकच्या या फोटोग्राफरबाईला मरायला टेकलेल्या धंद्याचं प्रदर्शन भरवायचं होतं, आणि मढ्यालाही म्हणे चांगला उजेड लागतो.

उजेड नेमका एकाच जागेवर पडत होता आणि ती जागा रिकामी होती. तिथल्या चरख्याच्या चातीवर अर्धवट भरलेली कांडी, धागाही न तोडलेला.

"लताबाई, तुम्ही इथे बसता का?" हर्षालीने त्या बायांमधल्या एकीला विचारलं.

लताबाईंनी मान हलवली. "तठे कोनी बसत नही, ताई. धोंडाबाईनी जागा शे ती. श्रावणात काम करता करताच गेली."

"मग काय झालं?"

"तिची कांडी भरायची नही. भरली की तिला वाटंल, आपली पाळी संपली, आता घरी जायचं."

हर्षालीला आता तर तोच फोटो हवा झाला. "राखीसाठी कामावरचा फोटो हवाय म्हणालात ना? तिथेच छान येईल."

राखी म्हणजे लताबाईंची नववीतली मुलगी. आईने कशावर घर चालवलं ते लेकीला दाखवायला दुसरं काही उरणार नव्हतं. लताबाई नाइलाजाने जाऊन बसल्या.

बसल्यावर हात थोडेच गप्प राहतात? जन्माची सवय. चाती फिरू लागली, कांडीवर सूत चढू लागलं. बाकीच्या बायांचे हात थांबले. हर्षाली फोटो काढत राहिली.

कांडी भरली.

मग लताबाईंच्या नेहमीच्या जागेवरची चाती फिरायला लागली. तिथे एक बाई बसली होती, केसांत कापूस माखलेली. ती कधी आली ते हर्षालीने पाहिलं नव्हतं. बाकीच्यांनी खाली माना घातल्या.

सुट्टी झाली. राखी दारात आली. "आई, चल ना."

ती बाई उठली. तिने लताबाईंची पिशवी घेतली, लताबाईंच्या चपला पायांत सरकवल्या. राखीने तिचा हात धरला.

"अगं राखी, तुझी आई इकडे आहे."

राखीने वळून पाहिलं. "कुठे?"

लताबाई उठायला धडपडत होत्या. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. हर्षालीने त्यांचा दंड धरायला हात पुढे केला.

हाताला नुसती थंडगार चाती लागली.

नाशिकच्या प्रदर्शनात त्याच फोटोची वाहवा झाली. माणूस न दाखवता केवढं दुःख दाखवलंय, असं जो तो म्हणाला. हर्षालीला त्यात लताबाई स्वच्छ दिसत होत्या. तिला स्वतःची किळस आली, पण फोटो काही तिने उतरवला नाही.

शेवटच्या दिवशी राखी आली. सगळ्या भिंती बघून रडवेली झाली. "आईचा एकही फोटो नाही काढला, ताई?"

राखी पाय ओढत बाहेर गेली.

तिच्याबरोबर आलेली, केसांत कापूस माखलेली बाई मात्र त्या फोटोसमोरच थांबली होती. बराच वेळ निरखून ती हळूच म्हणाली,

"लता बारीक झाली, नही?"