दुपट्ट्याखालचा सौदा

इंद्रभान इंगळे यांना घर विकायचं होतं, एवढी साधी गोष्ट. अकोल्यात त्यांच्या लेकीच्या, सारिकाच्या, घराला लागून दोन खोल्या विकाऊ होत्या आणि त्यांचा मालक मे महिनाभरच थांबणार होता. तेवढ्या मुदतीत त्यांचं खामगावचं घर विकलं गेलं तर म्हातारपण लेकीच्या शेजारी जाणार, नाही तर इथंच एकट्यानं भाकरी थापत. म्हणून एका दुपारी डोक्याला रुमाल गुंडाळून ते चांगला दलाल शोधायला निघाले.

अडचण अशी की या माणसाला नाही म्हणता येत नसे. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली, पण फुकट्या प्रवाशालाही कधी खाली उतरवलं नाही. घरचे सगळे व्यवहार बायकोनं, जनकाबाईनं पाहिले. ती बाजारात शिरली की भाजीवाले एकमेकांना खुणावत आणि देवाचा धावा करत. दोन वर्षांपूर्वी ती वारली, आणि तेव्हापासून इंद्रभानजींनी किडकी वांगी फार खाल्ली. दलालांचंही तेच झालं. जो जो भेटला त्याला हे 'हाव', म्हणजे 'हो', म्हणून आले.

पहिला आला राजकुमार. मोबाइल उंच धरून त्यानं घरभर चित्रीकरण केलं आणि म्हणाला, "काका, बांधकाम जुनं हाय. भाव कमीच येईन." त्याचं बोलणं संपायला आणि स्वयंपाकघरात परात आपटायला एकच गाठ पडली.

"मांजर असंल," इंद्रभानजी म्हणाले.

राजकुमारनं भाव आणखी खाली आणला. परात पुन्हा आपटली, या वेळी जरा जवळ. तो चपला हातात घेऊन गेला, त्या पायात घालायला कोपऱ्यापर्यंत थांबला नाही.

दुसरा आला दीपक. त्यानं तर भाव तोंडातून काढलासुद्धा नव्हता, नुसता मनात आणला असावा. बंद खोलीत भाजलेल्या तंबाखूचा वास दरवळला, जनकाबाई सकाळी मिश्री भाजायची तसा, आणि दीपकच्या कानाशी कोणीतरी 'च्यक' केलं. त्याला एकाएकी दुसरं काम आठवलं.

आता हे भूत आहे असं म्हणावं तर पंचाईत. इंद्रभानजी बुद्धविहारात नेमानं जाणारे, भूतबीत सगळं थोतांड आहे हे पोरांना समजावून सांगणारे. त्यांच्याच घरात, तेही बायकोचं भूत निघालं, तर चार माणसांत तोंड कसं दाखवायचं? त्यांनी मांजरच धरून ठेवलं. पण दुपारी पंख्याची घरघर थांबली की स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायची त्यांची हिंमत होईना, हेही खरं.

तिसरे हैदरभाई. उभी हयात गुरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस, गुडघे गेले म्हणून आता घरं विकत होता, पण रीत जुनीच. भाव तोंडानं बोलायचा नाही. दुपट्ट्याखाली हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. दाबताना नजर आढ्याकडे ठेवायची, कारण चेहरा लबाड असतो, बोटं नसतात. भाव बोलायचाच नाही म्हटल्यावर परातही आपटणार नाही, असा हिशेब करून इंद्रभानजी खूश झाले.

हैदरभाई गिऱ्हाईक घेऊन आले तेव्हा बाहेर वावटळ सुटली होती. शंकरराव, किराणा दुकानाचे मालक, तोंडावर रुमाल धरून आत शिरले. दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, त्यात वीज गेली, आणि भर दुपारी खोलीत तिन्हीसांजेसारखा अंधार झाला. हैदरभाई मध्ये बसले. उजवा हात शंकररावांच्या हातात, डावा मालकासाठी मोकळा, वरून दुपट्टा. इंद्रभानजी पाहुण्यांसाठी सरबत आणायला आत गेले.

"हं, इंद्रभानभाऊ, हात द्या," बाहेरून हैदरभाईंचा आवाज आला. मग थोड्या वेळानं, "ओहो! मले तं तुम्ही लय गरीब वाटले होते..."

इंद्रभानजींच्या हातातला चमचा थांबला.

"अजून वर? या अल्ला... बरं बरं. भाऊ, जरा हळू दाबा. बांगडी रुतून राह्यली."

इंद्रभानजी ट्रे घेऊन दारात आले. हैदरभाई आढ्याकडे बघत होते, शंकररावही आढ्याकडे बघत होते. डावीकडच्या खुर्चीवर कोणी नव्हतं, पण तिकडच्या बाजूनं दुपट्टा खाली कोणाचं कोपर असावं तसा उचललेला होता. खोलीभर मिश्रीचा वास होता.

"हैदरभाई..." ते दारातूनच म्हणाले. "मी इकडं हाओ."

हैदरभाईंची मान सावकाश खाली आली. त्यांनी दाराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. हात मात्र सोडला नाही, कारण सौद्यात मधेच हात सोडला तर दलालाची इज्जत जाते.

"मंग हे... कोण हाय?" ते कुजबुजले.

"आमची जनका असंल..."

"जित्ती हाय?"

"नाही."

हैदरभाईंनी मान लववली. "सलाम, बाई," ते खुर्चीला म्हणाले आणि पुन्हा आढ्याकडे बघू लागले.

"काऊन थांबले? काय म्हणते मालक?" वावटळीच्या आवाजात यातलं काहीच न ऐकलेल्या शंकररावांनी वर बघतच विचारलं.

"भाव वाढवून राह्यले..."

तो वाढतच गेला. शंकरराव घामाघूम झाले, दोनदा उठायला गेले, दोनदा बसले, आणि शेवटी 'घ्या बाप्पा, झालं तुमच्या मनासारखं' म्हणून मोकळे झाले. वावटळ ओसरली होती. जाताना त्यांनी इंद्रभानजींना हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्यासारखा खमक्या माणूस नाही पाह्यला."

हैदरभाई मात्र बसूनच होते. "भाऊ... सोडत नाही. तुमाले बलावून राह्यली वाटते."

इंद्रभानजी भ्याले. पण त्याहून जास्त त्यांना त्या हाताची आठवण येत होती, दोन वर्षं रोज येत होती. त्यांनी डोळे मिटून दुपट्ट्याखाली हात घातला. माठासारखा गार हात, पण पकड तीच. त्यांना रडू आलं. त्या हातानं त्यांची काही बोटं धरून दाबली, मग तळवा, मग पुन्हा बोटं, आणि उत्तरासाठी थांबला. काय विचारलं ते त्यांना कळलं नाही. जन्मभराच्या सवयीनं ते म्हणाले, "हाव, जनका. हाव."

दुपट्टा अलगद खाली बसला.

"काय दाबलं?" हैदरभाईंनी विचारलं. इंद्रभानजींनी त्यांच्याच हातावर तसंच दाबून दाखवलं. हैदरभाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही हाव म्हनले?"

"म्हनलो. भाव होता का थो?"

"भाव तं ठरला होता, भाऊ. हा वायदा हाय. सौदा झाल्यावर घेनारा माल उचलाले कवा येतो, थे सांगतात..."

"कोन्ता माल?"

हैदरभाईंनी त्यांच्याकडेच वरून खालपर्यंत पाहिलं, दुपट्टा घडी न घालताच खांद्यावर टाकला, आपली दलाली न मागता निघून गेले, आणि वायदा केव्हाचा ते काही केल्या सांगितलं नाही.

इंद्रभानजी आता अकोल्यात आहेत. लेक शेजारी, नातवंडं अंगाखांद्यावर. मजेत चाललं आहे. हैदरभाईंचा फोन अधूनमधून येतो, तब्येत विचारतात आणि ठेवतात. परवा मात्र त्यांनी फोन सारिकाला केला. रात्री जेवताना तिनं सहज सांगितलं, "बाबा, तुमचे हैदरचाचा इचारत होते, या आठवड्यात मी कुठं बाहेरगावी तं जाऊन नाही राह्यली ना."