खोलीत ओली हाय

रोह्याला मी गेलो होतो ते भिंतीतली ओल काढायला. धंदाच तो माझा. मूळचा मी जोह्याचा, म्हणजे गणपतीच्या कारखान्यांच्या गावचा; मूर्ती वेळेत वाळतेय की नाही, या काळजीतच लहानाचा मोठा झालो. पुढे ब्रश ठेवून ड्रिल हातात घेतलं आणि पेण-रोह्याकडच्या घरांच्या भिंती कोरड्या करायला लागलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भिंत ओली झाली तर पाणी कुठून तरी आलेलं असतं, एवढंच मला कळतं. तुम्हीही आत्ता तसंच समजून चाला.

घर सरोजिनीबाईंचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले. आठ वर्षांपूर्वी कुंडलिका नदीच्या अंगाला असलेलं हे जुनं बैठं घर त्यांनी विकत घेतलं. दगडी जोतं, विटांच्या भिंती, चार खोल्या. त्यांची मुलगी ऋजुता आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती आणि बाळ पेणच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. त्याच्याआधीची दोन राहिली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत, बुरशी धरलेल्या खोलीत नेलंत तर धडगत नाही. आणि घरात मोकळी खोली एकच, मागची. तीच ओली. हे सांगताना बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत होता, पण चष्मा त्यांनी तीनदा पुसला.

मी म्हटलं, महिना द्या, खोली खडखडीत करून देतो.

तेवढ्यात धुण्याची बादली घेऊन हौसामावशी दारात आली. बाईंकडे वरकाम करायची, जन्म सगळा त्याच आळीत गेलेला. माझ्या ड्रिलकडे बघत म्हणाली, “त्या खोलीत ओली हाय.”

“ओल म्हण, हौसा. ओली नाही,” बाई म्हणाल्या. “आठ वर्षं सांगतेय हिला.”

मावशी मान खाली घालून गेली. मला हसू आलं. निवृत्त झाल्या तरी बाईंची शुद्धलेखनाची वही काही मिटली नव्हती.

कामाला लागलो. कंबरेपर्यंतचा गिलावा खरवडला, जमिनीलगत चार चार बोटांवर भोकं पाडली, औषध भरलं, वरून चुन्याचा गिलावा केला. बाहेरच्या तिन्ही भिंती पंधरवड्यात सुकल्या. लोणा फुटायचा थांबला, म्हणजे तो पांढरा खारट भुगा धरायचा बंद झाला. बाईंना मी ओल मोजायचा मीटर लावून आकडा दाखवला तेव्हा त्यांनी मला दोन वेळा चहा पाजला.

आतली भिंत मात्र ऐकेना. तिच्या पलीकडे बैठकीची खोली, ती बाजू कोरडी ठाक. नळ नाही, पाइप नाही. आणि ओलीचा डाग जमिनीपासून नव्हताच. वीतभर कोरडी पट्टी सोडून सुरू व्हायचा आणि अडीच हातांवर संपायचा, खाली रुंद, वर निमुळता. जमिनीतली ओल खालून वर चढते. मधूनच कधी सुरू होत नाही. मला भीती वगैरे वाटली नाही, चीड आली. माझ्या हातून वाया गेलेली ती पहिलीच भिंत होती.

मग आमच्या धंद्यातली साधी परीक्षा केली. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद डागावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. दोन दिवसांनी कागदाच्या मागे पाणी दिसलं तर ते भिंतीतलं, पुढे दिसलं तर खोलीतल्या हवेतलं. खोलीला कुलूप लावून किल्ली मीच नेली.

दोन दिवसांनी भर दुपारी गेलो. माघातलं लख्ख ऊन, समोर कुणीतरी वाल सोलत बसलेलं. कुलूप उघडलं तर आत ओल्या केसांचा वास होता. शिकेकाईने न्हालेल्या केसांचा. कागदाच्या मागे थेंबही नव्हता. पुढच्या बाजूला, डागाच्या वरच्या टोकाशी, तळहाताएवढं धुकं धरलं होतं. मी बोटाने पुसलं.

ते परत धरलं.

मग आपोआप विरळ झालं... आणि पुन्हा दाटलं. पुन्हा विरळ. मी माझा श्वास रोखून पाहिला. तरी ते चालूच राहिलं, शांतपणे, कुणी खाली बसून भिंतीला गाल टेकावा तसं. कागद हलत नव्हता. बाहेर वालाच्या शेंगा फोडल्याचा आवाज येत होता.

कसाबसा बाहेर आलो. ओट्यावर बाई आणि मावशी होत्या. माझा चेहरा पाहून मावशीने हातातलं सूप खाली ठेवलं.

“ओल नाय रे, बाबा,” ती म्हणाली. “ओली. ओली बाळंतीण.”

बाईंच्या हातातला पेपर तसाच राहिला.

मग मावशीने सांगितलं. पूर्वीच्या मालकांची सून, सरू. मावशी तेव्हा बाळंतिणींना न्हाऊ घालायची. सरूचा पाचवा दिवस होता, आणि मावशी तिला न्हाऊ घालत असतानाच नदीचं पाणी आळीत शिरलं. घरात पुरुषमाणूस नव्हता. मावशीने तिला चौरंगावर, भिंतीला टेकवून बसवलं आणि आधी पोर उचलून उंचावरच्या घरात नेली. पोर वाचली, मामाकडे वाढली, आता तिलाही मुलं आहेत. पण मावशीला मागे फिरता आलं नाही. पाणी छातीवर आलं होतं.

“केस पुसायचं राह्यलं व्हतं तिचं. शेगडीबी पेटवली नव्हती,” मावशी म्हणाली. “म्हटलं, बस गो सरू, पोर ठेवून आलेच... आलेच म्हटलं मी.”

आठ वर्षं ती हेच सांगत होती आणि बाई तिचं मराठी सुधारत होत्या. मीही ओलच ऐकली. मला स्वतःची लाज वाटली.

बाईंनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “हौसा, ओल्या बाळंतिणीच्या दहा दिवसांतले किती राहिले तिचे?”

“पाच.”

“शेगडी आहे तुझ्याकडे?”

मावशीने पाच दिवस सगळं केलं. त्या भिंतीपाशी चटई घातली, कोरडा पंचा ठेवला, शेगडीत ओवा-बाळंतशेपांची धुरी दिली, अळिवाची खीर ठेवली. रोज जाताना सांगायची, येते गो, उद्या परत येते. आणि यायची. कोळशाच्या उबेने कुठलीही भिंत सुकते, असं मी मनाशी म्हणत होतो. सहाव्या दिवशी मीटर लावला तर सगळी भिंत एकसारखी कोरडी. मावशी चटईवर बसून पोटभर रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या संध्याकाळी वडखळला उतरून मी दोन प्लेट भजी खाल्ली, इतकं हलकं वाटत होतं.

बाळ घरी आलं. दीड महिन्याने मी भिंत तपासायला गेलो तेव्हा घर नुसतं हसत होतं. ऋजुता बैठकीत माझ्याशी अर्धा तास गप्पा मारत बसली. बाळाचं वजन बघून डॉक्टर चकित झालेत म्हणाली. “खरं तर मला दूध फार कमी येतं. वरचं द्यायला डबा आणलाय, पण तो फोडायची वेळच आली नाही. हा भुकेला रडतच नाही.”

मी मीटर घेऊन एकटाच मागच्या खोलीत गेलो. भिंती कोरड्या, हवा स्वच्छ. बाळ आतल्या भिंतीशी कुशीवर झोपलं होतं, तिच्याकडे तोंड करून. गाल हलत होते. गळ्यातून घोट उतरत होते, एकामागून एक, सावकाश. मग ते थांबलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा कोमट, पांढरा ओघळ हनुवटीवर आला.

“काय हो, भिंतीला अजून काही करावं लागेल का?” बाहेरून ऋजुताने विचारलं.

त्या गुबगुबीत मुलाकडे बघत मी मीटर पिशवीत टाकला.

“नको,” मी म्हटलं. “आहे तशीच राहू द्या.” आणि दार हळूच ओढून घेतलं.